‘अराजकीय’ नव्हे, पक्षनिरपेक्ष

ठाणे आणि नवी मुंबईत गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेची सूचना असो, उत्सव मंडळाचे पत्रक असो किंवा खाडीकिनारा वाचवण्यासाठी नागरिकांनी महापालिकेला दिलेले निवेदन असो, ‘आमचा उपक्रम पूर्णपणे अराजकीय आहे’ असे एक वाक्य त्यात बहुधा असतेच. काही ठिकाणी ‘बिगरराजकीय’ असा शब्द येतो, काही ठिकाणी नुसतेच ‘येथे राजकारण नको’ असे बजावले जाते. लिहिणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा प्रामाणिक असतो. तरीही या शब्दाने आपल्या सार्वजनिक बोलण्याचे बरेच नुकसान केले आहे, असे मला वाटते. कारण एकमेकींपासून फार वेगळ्या असलेल्या तीन गोष्टी आपण त्या एकाच शब्दात कोंबल्या आहेत, आणि त्यांतली तिसरी पहिल्या दोघींच्या पुण्याईवर खपून जाते.

मुळात ‘राजकारण’ हाच शब्द मराठीत दोन अंगांनी वाढला. सतराव्या शतकात समर्थ रामदासांनी हरिकथानिरूपणानंतरचे दुसरे स्थान राजकारणाला दिले, तेव्हा समुदाय राखण्याची, माणसे पारखण्याची आणि कार्य तडीस नेण्याची विद्या त्यांच्या मनात होती. आज आपण ‘ऑफिसात फार राजकारण चालते’ किंवा ‘त्या दोघी जावांच्या राजकारणात मी पडत नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्या शब्दात कारस्थान, गटबाजी आणि मागून केलेली खेळी एवढेच उरलेले असते. मात्र धरणाचे पाणी कोणत्या शहराला किती द्यायचे, मोकळ्या भूखंडावर उद्यान करायचे की इमारत उभी करायची, कर कोणावर किती बसवायचा, हे ठरवण्याच्या व्यवहारालाही आपल्याकडे राजकारण हाच शब्द आहे. त्यामुळे ‘राजकारण नको’ म्हणणारा माणूस मनातून कारस्थानाला नकार देत असतो आणि तोंडाने मात्र सार्वजनिक निर्णयातला स्वतःचा वाटाही सोडून देतो. ‘अराजकीय’ हा शब्द दोन्ही अर्थांवर एकदमच काट मारतो.

त्या तीन गोष्टींपैकी पहिली म्हणजे पदाने घातलेले बंधन. बेलापूरच्या कोकण भवनात काम करणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्याला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार राजकीय पक्षाचे काम करता येत नाही. मतदानाचा हक्क त्याच्याकडे राहतोच. फक्त त्याच्या टेबलासमोर आलेल्या नागरिकाला आपला पक्ष कोणता याची काळजी करावी लागू नये, यासाठी हे बंधन आहे. रेडक्रॉस चळवळीने १९६५ मध्ये स्वीकारलेल्या सात मूलतत्त्वांतही तटस्थता आहे, आणि तिचे कारण तिथेच दिलेले आहे: सर्वांचा विश्वास टिकावा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या जखमींपर्यंत पोहोचता येईल. अशा ठिकाणी अलिप्तपणा हे कर्तव्य आहे आणि त्याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट पक्षनिरपेक्षतेची. एखाद्या मागणीमागे वेगवेगळ्या पक्षांचे मतदार एकत्र यावेत म्हणून पक्षांचे झेंडे आणि नेत्यांची भाषणे बाहेर ठेवणे, हा जुना आणि शहाणपणाचा मार्ग आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्रभर निघालेल्या मराठा क्रांती मूक मोर्चांत, ठाण्यात आणि नवी मुंबईतही, सर्व पक्षांचे नेते गर्दीच्या मागे चालत होते आणि निवेदन द्यायला मुली पुढे होत्या. मोर्चाचे वर्णन सर्वत्र बिगरराजकीय असे झाले. पण आरक्षणाची मागणी ही राज्यसत्तेकडे केलेली, कायद्याने आणि न्यायालयात निकालात निघणारी, म्हणजे अस्सल राजकीय मागणी होती. त्या मागणीच्या बाजूने कोणी असो वा विरुद्ध, मोर्चाने राजकारण टाळले असे कोणालाही म्हणता येणार नाही. त्याने पक्ष टाळले होते.

हा फरक सहकाराच्या चळवळीला फार आधी भेडसावला होता, आणि ज्या गृहनिर्माण सोसायट्यांत आज हा शब्द सर्वाधिक वापरला जातो त्या सहकाराच्याच कायद्याखाली, म्हणजे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या आहेत, म्हणून तो इतिहास इथे सांगण्याजोगा आहे. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९३७ मध्ये सहकाराची तत्त्वे ठरवली, तेव्हा राजकीय आणि धार्मिक तटस्थता हे त्यांतले एक तत्त्व होते. १९६६ मध्ये तत्त्वांची फेरमांडणी झाली तेव्हा ते स्वतंत्र तत्त्व म्हणून वगळण्यात आले आणि १९९५ च्या मांडणीत ‘स्वायत्तता आणि स्वातंत्र्य’ हे तत्त्व आले. हा बदल मला महत्त्वाचा वाटतो. संस्थेवर सरकारचा किंवा पक्षाचा ताबा नसावा, सभासदाला त्याच्या मतांमुळे दूर ठेवू नये, हे दोन्ही आग्रह त्यात कायम आहेत. सभासदांनी मिळून सरकारपुढे भूमिका मांडू नये, असे मात्र त्यातून निघत नाही.

तिसरी गोष्ट याहून निराळी आहे. ‘हा विषय राजकीय आहे, तो इथे नको’ असे म्हणून प्रश्नच बंद करणे, ही ती गोष्ट. घोडबंदर रस्त्यावरच्या मोठमोठ्या संकुलांत दर उन्हाळ्यात टँकरचा खर्च हा सभेतला सर्वांत तापलेला विषय असतो. टँकर कोणाकडून घ्यायचा, त्याचे पैसे देखभाल शुल्कात कसे वाटायचे, यावर तासभर चर्चा चालते. पुरेशा पाण्याची सोय नसताना इतक्या इमारतींना परवानगी कोणी दिली, हा प्रश्न कोणी उभा केला की लगेच त्याला राजकारण म्हटले जाते. खरे पाहता ठाणे शहराकडे स्वतःचे धरण नाही. नवी मुंबई महापालिकेने मोरबे धरण विकत घेतले आणि तिचा पाण्याचा पाया पक्का झाला. ठाण्याला स्वतःच्या योजनेखेरीज परिसरातल्या शहरांना पाणी पुरवणारे स्टेम प्राधिकरण, औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) आणि मुंबई महापालिका यांच्याकडून येणाऱ्या पाण्यावर भिस्त ठेवावी लागते. एका शहराने धरण घेतले आणि शेजारच्या शहराकडे ते नाही, याला पावसाचे प्रमाण कारणीभूत नाही. ते सभागृहांत आणि मंत्रालयात वेळोवेळी घेतलेल्या, न घेतलेल्या निर्णयांचे फळ आहे.

या पाण्याचे दुसरे टोक मुरबाडमध्ये आहे. महानगराची तहान भागवण्यासाठी तिथे काळू धरण प्रस्तावित झाले, वनमंजुरी नसताना त्याचे काम सुरू झाले आणि श्रमिक मुक्ती संघटनेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते थांबवले. बुडणाऱ्या पाड्यांतल्या आदिवासी कुटुंबांना आपला प्रश्न अराजकीय आहे असे म्हणण्याची चैन परवडणारी नव्हती. ‘आम्हाला फक्त पाणी हवे, राजकारण नको’ हे शहरातले वाक्य ऐकायला निरुपद्रवी वाटते. पण ते पाणी कोणाच्या जमिनीवरून येणार, याचा विचार ते सोयीस्करपणे दुसऱ्या कोणावर सोपवते.

घरातले प्रश्नही शेवटी राजकीय निर्णयापाशी जाऊन थांबतात, हे वाशीतल्या जुन्या रहिवाशांना अनुभवाने ठाऊक आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या शासकीय महामंडळाने बांधलेल्या इमारतींचे स्लॅब कोसळू लागले, तेव्हा सोसायट्यांनी कितीही चांगला वास्तुविशारद नेमला तरी वाढीव चटईक्षेत्र निर्देशांकाशिवाय, म्हणजे भूखंडावर अधिक बांधकामाच्या परवानगीशिवाय, पुनर्विकास परवडणारा नव्हता, आणि तो निर्देशांक ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाकडे होता. २०१५ मध्ये शासनाने मोडकळीला आलेल्या इमारतींसाठी अडीचपर्यंत निर्देशांक मंजूर केला, त्याआधी कित्येक वर्षे निवेदने, मोर्चे, अधिवेशनातले प्रश्न आणि निवडणुकीतली आश्वासने हे सर्व घडावे लागले. स्वतःच्या डोक्यावरचे छप्पर ही माणसाची सर्वांत खासगी बाब. तीही शेवटी नगरविकास खात्याच्या अधिसूचनेवर अवलंबून होती.

राजकारणाशिवाय शहर चालले तर बरे होईल, असे आपल्याकडे अनेकांना मनापासून वाटते. या इच्छेची परीक्षा या दोन्ही शहरांत प्रत्यक्ष होऊन गेली आहे, आणि तिची चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही. नवी मुंबई महापालिकेची २०१५ मध्ये निवडून आलेली सभा मे २०२० मध्ये मुदत संपून विसर्जित झाली. ठाण्याची २०१७ ची सभा मार्च २०२२ मध्ये संपली. आधी करोना, मग इतर मागासवर्गीय आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली तिहेरी चाचणी (स्वतंत्र आयोग, आकडेवारी आणि एकूण पन्नास टक्क्यांची मर्यादा), मग प्रभागांच्या संख्येचे आणि रचनेचे बदलते निर्णय, अशी कारणे लांबत गेली आणि निवडणुका झाल्या त्या १५ जानेवारी २०२६ रोजी, त्याही सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे संविधानाचे कलम २४३-यू सांगते. तरीही नवी मुंबई साडेपाच वर्षांहून अधिक काळ आणि ठाणे जवळजवळ चार वर्षे नगरसेवकांविना राहिले.

या काळात प्रशासक म्हणून आयुक्तांकडे सर्व अधिकार होते. महापालिका अधिनियमात आयुक्त अंदाजपत्रक तयार करतात, सोळा सदस्यांची स्थायी समिती ते तपासते आणि सर्वसाधारण सभा त्यात बदल करून मंजुरी देते, अशी रचना आहे. प्रशासकाच्या काळात मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता. व्यक्ती म्हणून अधिकारी कर्तबगार आणि स्वच्छ असतील, तो इथे मुद्दा नाही. लक्षवेधी सूचना नव्हती, सभा तहकुबी नव्हती, कंत्राटाचा प्रस्ताव वाचून ‘हा दर मागच्या वेळेपेक्षा एवढा जास्त कसा?’ असे उघड सभेत विचारणारा विरोधी सदस्य नव्हता. गल्लीतले गटार तुंबले तर कोणाच्या दारात जावे, हे ज्येष्ठ नागरिकांना कळेनासे झाले. आणि ज्याला लोक राजकारण म्हणतात, ते मात्र शहरातून हललेच नाही. प्रशासकाची नेमणूक राज्य शासन करते, बदली राज्य शासन करते, म्हणून निर्णयांचे केंद्र पालिकेच्या सभागृहातून मंत्रालयाकडे सरकले. जे भांडण पूर्वी प्रेक्षक सज्ज्यात बसून कोणालाही पाहता येत होते, ते बंद दालनात गेले. शहर अराजकीय होणे याचा व्यवहारातला अर्थ हा असा निघाला: राजकारण होते तेवढेच राहिले आणि त्यातला आपला भाग गेला.

नवी मुंबईच्या बाबतीत तर या शब्दाने शहराचा जन्मच झाकून टाकला आहे. हे नियोजनकारांनी आखलेले शहर आहे असे आपण अभिमानाने सांगतो. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६० च्या दशकात मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि सेक्टर, नोड, रुंद रस्ते असा तो आराखडा प्रत्यक्षात आला. या कथेत माणसे फक्त नकाशा काढताना दिसतात. पण तो नकाशा ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या शेतांवर, मिठागरांवर आणि मासेमारीच्या जागांवर काढलेला होता. जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. या लढ्याचे नेते दि. बा. पाटील शेतकरी कामगार पक्षाचे होते. विधानसभेत आणि लोकसभेत बसलेले, निवडणुका लढवलेले, पक्षाचे राजकारण आयुष्यभर केलेले गृहस्थ. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना त्या संघर्षातून आली. आज घणसोली, कोपरखैरणे, नेरुळ येथे साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या असलेल्या इमारतींत हजारो कुटुंबे राहतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या सभेत ‘राजकारण नको’ असे ठरलेले असते. ज्या राजकारणाने तो भूखंड अस्तित्वात आणला त्याची आठवणसुद्धा त्या इमारतीत राहू नये, याचे मला वाईट वाटते.

तटस्थ माणसाची तटस्थता त्याच्या ताब्यात राहत नाही, ही या शब्दाची आणखी एक अडचण आहे. १९७५ साल याचा मोठा दाखला देते. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबा भाव्यांनी राजनीतीऐवजी लोकनीतीचा, म्हणजे सत्तेऐवजी लोकांनी स्वतः कारभार चालवण्याचा, आग्रह आयुष्यभर धरला होता आणि पक्षीय राजकारणापासून ते कसोशीने दूर राहिले होते. आणीबाणी आली तेव्हा त्यांचे मौन चालू होते. त्या काळात त्यांनी लिहून दिलेला ‘अनुशासन पर्व’ हा शब्द सरकारने आणीबाणीच्या समर्थनार्थ देशभर भिंतींवर रंगवला. अनुशासन आचार्यांचे असते आणि सत्तेचे असते ते शासन, असा खुलासा विनोबांनी मौन सुटल्यावर केला. तोवर त्यांचा शब्द सत्तेच्या कामी येऊन गेला होता. विनोबांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. म्हणूनच हे उदाहरण जास्त टोचते. त्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली आणि लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली. दुर्गाबाई कोणत्याही पक्षाच्या नव्हत्या. पुढे त्यांना अटकही झाली. पक्षनिरपेक्ष राहून राजकीय बोलणे म्हणजे काय, हे मराठीत याहून स्पष्ट कोणी दाखवलेले नाही.

‘राजकारण नको’ म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही मोठे म्हणणे आहे, आणि ते केवळ आळसाचे किंवा सुखवस्तूपणाचे नाही. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा तिचा सर्वांत खोल चरा ठाण्यात गेला. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र दहीहंडी बांधणारी मुले दोन गटांत गेली, शाखा कोणाची यावर हातघाई झाली, एकाच घरातले दोघे भाऊ वेगवेगळ्या व्यासपीठांवर दिसू लागले. वर्षभरात काका राष्ट्रवादीचे की पुतणे, असा दुसरा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी मंडळाच्या कार्यकर्त्याने ‘मांडवात पक्षाचे नाव काढायचे नाही’ असा नियम केला, तर त्याने माणसे जोडून ठेवली असेच म्हणावे लागेल. भाड्याने राहणारे कुटुंब, फूटपाथवर गाडी लावणारा विक्रेता, ज्याचा परवाना दरवर्षी नूतनीकरणाला जातो तो दुकानदार, यांना उघड भूमिका घेण्याची किंमत मोजावी लागते आणि ती इतरांनी त्यांच्या वतीने ठरवू नये. सोसायटीच्या सभेत बायका बोलू लागल्या की चार पुरुष पक्षाच्या वादावर घसरतात आणि गच्चीच्या गळतीचा विषय मागे पडतो, हेही खरे आहे. या सगळ्यांना शांतता हवी असते, आणि तिचा मी आदर करतो.

परंतु या प्रत्येक उदाहरणात टाळायची गोष्ट पक्ष आहे, दडपण आहे, भांडण आहे. त्यासाठी ‘पक्षनिरपेक्ष’ हा शब्द आपल्याकडे आहे आणि तो पुरेसा आहे. मंडळाने म्हणावे की आमच्या मांडवात कोणत्याही पक्षाचा फलक लागणार नाही आणि वर्गणी देणाऱ्या लोकप्रतिनिधीचा फोटो देवाच्या बरोबरीने येणार नाही. सोसायटीने ठरवावे की निवडणुकीच्या काळात सभागृह कोणालाच प्रचाराला मिळणार नाही, किंवा सर्वांना एकाच भाड्याने मिळेल. कोणाला कोणते मत द्यायचे हे सभेत विचारले जाणार नाही. एवढे नियम स्पष्ट शब्दांत लिहिले की भीतीचे बरेचसे कारण दूर होते, आणि मग ‘हा निर्णय कोणी घेतला, कोणत्या ठरावाने घेतला, तो बदलायचा तर कोणाकडे जायचे’ हे विचारायला जागा राहते. नेरुळच्या डीपीएस शाळेजवळच्या, फ्लेमिंगो उतरतात त्या तलावात भरतीचे पाणी येण्याचे मार्ग मोकळे करा, अशी मागणी करणारा पक्षिप्रेमी सिडको, वनखाते आणि मंत्रिमंडळ यांच्यातल्या अधिकारांच्या वाटणीवरच बोट ठेवत असतो. त्याने स्वतःला अराजकीय म्हणवून घेतले, तर समोरचा अधिकारी त्याला सहज सांगू शकतो की हा धोरणाचा विषय आहे, तुमचा नाही.

दोन्ही महापालिकांत आता पुन्हा नगरसेवक आले आहेत. ठाण्यात १३१ आणि नवी मुंबईत १११ सदस्य आहेत आणि बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत. नवी मुंबईकरांना ही पद्धत नवी आहे. पूर्वी एका प्रभागाचा एकच नगरसेवक होता, आता एका कामासाठी चौघांची नावे घ्यावी लागतात आणि चौघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. अशा रचनेत जाब विचारण्याचे काम एकट्यादुकट्या रहिवाशाच्या आवाक्यातले नाही, ते संस्थांनाच करावे लागेल. प्रभागातल्या सोसायट्यांनी एकत्र येऊन चारही नगरसेवकांना, पक्ष कोणताही असो, एकाच दिवशी एकाच सभेत बोलवावे, प्रभागाला अंदाजपत्रकात काय मिळाले आणि प्रभाग समितीत कोणी कोणता विषय मांडला हे लेखी मागावे, आणि त्यांची उत्तरे सूचनाफलकावर नावांसह लावावीत. कोणत्याही उपविधीने याला मनाई केलेली नाही. पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालता येईल, आणि ‘ही सभा अराजकीय आहे’ या वाक्याच्या जागी ‘या सभेत पक्षप्रचार होणार नाही’ असे लिहिता येईल.